मळसूत्र सैल झालें तेव्हां

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि सिंहासनें उभीं राहतात. दाराची बिजागरी, गाडीच्या चाकाची खीळ किंवा यंत्रांतील एखादा बोल्ट यांसहि इतिहास असतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्याहि ध्यानांत तें आलें नसतें. परंतु धानोऱ्यास एका सकाळीं जो प्रसंग ओढवला, त्यानें आम्हांस या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूकडे पाहावयास लाविलें. म्हणून आधीं तो प्रसंग थोडक्यांत निवेदन करून मग मूळ विषयाकडे वळतों.

आम्ही तिघे स्नेही मोटारसायकलींवरून नागपुराहून निघालों होतों. नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या वाटेनें गडचिरोली गांठून दुसऱ्या दिवशीं पूर्वेस धानोऱ्याकडे वळलों. जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला. धानोरा हें त्यांतील एक तालुक्याचें गांव. सामूहिक वनहक्कामुळें सर्वत्र नांव झालेलें मेंढा-लेखा याच तालुक्यांत आहे. दोहों बाजूंस साग, बांबू आणि मोह, मधूनच एखादा ओढा, आणि पुढें मुरूमगांवावरून छत्तीसगडांत शिरणारा रस्ता. अशा वाटेवर कांहीं मोडलें तर मदत केव्हां मिळेल याचा नेम नाहीं, हें आम्ही जाणून होतों.

धानोऱ्यास चहासाठीं थांबलों असतां आमच्यांतील सर्वांत धाकट्या मित्रानें सहज वांकून पुढच्या चाकाकडे पाहिलें, आणि त्याच्या तोंडचें पाणी पळालें. पुढच्या ब्रेकचा जबडा ज्या दोन बोल्टांनीं चिमट्यास जखडलेला असतो, त्यांपैकीं एक वाटेंत कोठें तरी गळून पडला होता, आणि दुसरा बोटानें फिरत होता. गाडी चारच दिवसांपूर्वीं देखभाल होऊन आली होती. तो दुसरा बोल्टहि गळता आणि भर वेगांत तो जबडा चाकांत अडकता, तर काय झालें असतें, हें बोलून दाखविण्याचें धैर्य त्या क्षणीं कोणासच झालें नाहीं.

बाजाराच्या कडेस एक लहानसें दुरुस्तीचें दुकान होतें. तेथील मिस्त्रीनें प्रथम रिकामें भोंक न्याहाळिलें. मग पत्र्याच्या डब्यांतून मूठभर बोल्ट फडक्यावर ओतले, त्यांतला एक निवडला, त्याच्या डोक्यावरील ८.८ हा अंक वाचला आणि आटे स्वच्छ पुसले. आमचा मित्र उतावीळपणें पाना पुढें करूं लागला, तेव्हां तो म्हणाला, "थांबा भाऊ. आधीं बोटानं जाईल तेवढा जाऊं द्या, पाना मग." बोल्ट बोटानेंच शेवटपर्यंत गेला. तो दुसऱ्याच कंपनीच्या, मोडीत निघालेल्या गाडीचा होता असें त्याच्याकडून कळलें. आमच्या तिसऱ्या सोबत्यापाशीं जुनी बुलेट होती. "माझ्या गाडीस हा चालला असता का?" असें त्यानें विचारिलें. मिस्त्री हंसून म्हणाला, "नाही भाऊ. जुन्या बुलेटचं खानदान वेगळं."

एका गाडीचा बोल्ट दुसरीस आपलाच असल्यासारखा बसतो, आणि तिसरीस मात्र परका ठरतो, हें कां? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे मनुष्यास धानोऱ्याहून बरेंच दूर जावें लागतें.

मळसूत्र ही वस्तु आपल्या देशास अपरिचित नव्हती. कापसांतील सरकी काढण्याची जी जुनी चरकी, तिच्या लांकडी लाटांच्या टोकांस मळसूत्री दांते कोरलेले असत, व त्यांच्या योगानें दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट दिशेनें फिरत. परंतु हें मळसूत्र गति देण्याच्या कामाचें होतें. दोन वस्तु जोडून धरण्याचें काम आपल्याकडे खीळ, पाचर, खिट्टी आणि दोर यांजकडे असे. बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव बसवावयाची ती तापवून, आणि थंड होऊन आवळली म्हणजे ती आपोआप घट्ट होई. अशी गाडी सैल झाली तर आधीं कुरकुरते, मग डुलूं लागते. गाडीवान उतरून पाचर ठोकतो आणि पुढें चालूं लागतो. बैलाच्या चालीस हा बंदोबस्त पुरेसा होता.

युरोपांतहि प्राचीन काळीं मळसूत्राचा उपयोग मुख्यतः दाब देण्याकडे झाला. रोमन लोकांचे तेल व द्राक्षरस काढण्याचे दाबयंत्र, आणि पंधराव्या शतकांतील गुटेनबर्गचें छापयंत्र, हीं त्याचीं प्रसिद्ध उदाहरणें. बोल्ट व नट तेथेंहि होते, पण प्रत्येक जोडी कारागिरानें हातानें जुळविलेली असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास बसेल अशी आशा कोणी करीत नसे. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनमध्यें हेन्री मॉड्स्ले यानें आटे पाडण्याचें अचूक लेथयंत्र सिद्ध केलें, आणि एकसारखे आटे पुनःपुन्हां पाडतां येऊं लागले. त्याच्या कारखान्यांत काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ यानें पुढचें पाऊल टाकिलें. निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा करून त्यानें त्यांची सरासरी काढली, आणि १८४१ सालीं सर्वांनीं एकच माप स्वीकारावें अशी सूचना केली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि बोल्टाच्या जाडीनुसार इंचास आट्यांची ठरलेली संख्या, असा तो नियम होता.

अमेरिकेंत १८६४ सालीं विल्यम सेलर्स यानें ६० अंशांचा कोन सुचविला, कारण तो घडविण्यास सोपा. परिणाम असा झाला कीं, अर्ध्या इंचाच्या बोल्टावर इंग्रजी मापानें इंचास बारा आटे, तर अमेरिकन मापानें तेरा! एका आट्याचा हा भेद किती महाग पडला हें दुसऱ्या महायुद्धांत दिसून आलें. दोस्त राष्ट्रांचीं यंत्रें एकमेकांच्या सुट्या भागांनीं दुरुस्त होईनात. अखेर १९४८ सालीं अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनीं एक समाईक आटा मान्य केला. त्यापूर्वींचा धडा याहून दारुण होता. फेब्रुवारी १९०४ मध्यें बाल्टिमोर शहरास आग लागली असतां शेजारच्या शहरांतून बंब धांवून आले, परंतु त्यांच्या नळ्यांचे आटे तेथील पाण्याच्या तोट्यांस बसेनात. सुमारें दीड हजार इमारती जळाल्या. युरोप खंडांत मात्र १८९८ सालीं झुरिक येथें मेट्रिक आट्यांविषयीं एकमत झालें होतें, आणि पुढें जगांत बहुतेक सर्वत्र तेंच माप रूढ झालें.

आपल्या महाराष्ट्रांत नट, बोल्ट व पाना हे सामान्य माणसाच्या हातीं आले ते बहुधा सायकल आणि लोखंडी नांगर यांबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान घातलें, आणि पुढें त्यांचाच लोखंडी नांगर खेड्यापाड्यांत गेला. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. स्वातंत्र्यानंतर १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड कंपनीची बुलेट तयार होऊं लागली. तिचा मूळ आराखडा इंग्लंडमधील, म्हणून आटेहि इंग्रजी. सायकलच्या परंपरेंतील इंचास सव्वीस आट्यांचे बारीक बोल्ट तिच्यांत असत. १९५६ सालीं वजनें-मापांचा कायदा होऊन देशानें मेट्रिक पद्धति पत्करली, आणि क्रमाक्रमानें कारखान्यांनींहि. आमच्या मित्राच्या गाडीचा बोल्ट आठ मिलिमीटर जाडीचा, दोन आट्यांमधील अंतर सव्वा मिलिमीटर. आणि धानोऱ्याच्या डब्यांतील बोल्टहि अगदीं तसाच. व्हिटवर्थपासून झुरिकपर्यंतच्या खटपटीचें फळ त्या सकाळीं आमच्या पदरांत पडलें, तें असें.

आतां, बोल्ट सैल होतो तो कां? पुष्कळांची समजूत अशी असते कीं, नट म्हणजे एक प्रकारची खीळ आणि ती हलत हलत बाहेर येते. वस्तुतः आवळलेला बोल्ट ही एक ताणलेली स्प्रिंग होय. पाना फिरविला म्हणजे बोल्ट किंचित लांबतो, आणि पुन्हां आंखडण्याची त्याची जी ओढ, ती दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते. या दाबानें जें घर्षण उत्पन्न होतें, तेंच त्या जोडास जागेवर ठेवितें. पान्यावर आपण जो जोर करतों, त्यांतील सुमारें नऊ दशांश घर्षणावरच खर्च होतो; बोल्ट ताणण्याच्या कामीं येतो तो उरलेला दहावा भाग. म्हणूनच आट्यांत वाळू गेली तर पाना घट्ट लागल्याचा भास होतो आणि बोल्ट ताणलेलाच नसतो. उलट, तेल लागलें असतां तोच जोर बोल्टास प्रमाणाबाहेर ताणतो.

१९६९ सालीं गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानें प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, बोल्टाच्या लांबीच्या दिशेनें बसणाऱ्या धक्क्यांपेक्षां आडवे धक्के अधिक घातक असतात. जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकूं लागले कीं क्षणभर आट्यांतील घर्षण नाहींसें होतें, आणि नट स्वतःच उलटा फिरूं लागतो. आपण ज्या स्प्रिंगच्या वायसरवर विसंबून राहतों, ती अशा वेळीं फारशी उपयोगीं पडत नाहीं. एक सिलिंडर असलेल्या गाडीचें एंजिन अंगभूतच हादरणारें. त्यांत खडबडीत रस्त्याची भर. शिवाय नव्यानें बसविलेल्या भागांच्या पृष्ठावरील सूक्ष्म उंचवटे व रंगाचे थर दाबानें चपटे होतात, बोल्टाचा ताण उतरतो, आणि पहिल्या कांहीं शें किलोमीटरांतच तो पुन्हां आवळावा लागतो. देखभालीनंतर गाडी अधिक निर्धोक झाली असें आपण मानतों. पण जो बोल्ट नुकताच उघडला गेला, त्याच्याकडेच सर्वांत आधीं पाहिलें पाहिजे.

उपायहि मनुष्यानें अनेक योजिले आहेत. चाकाच्या आंसावरील नटास खांचा पाडून त्यांतून पिन ओंवणें हा जुना उपाय अद्याप सर्वांत विश्वासाचा आहे, कारण पिन मोडल्यावांचून नट फिरूंच शकत नाहीं. एका नटावर दुसरा नट आवळणें हाहि तसाच जुना. नायलॉनची कडी बसविलेला नट आट्यांस चिकटून राहतो, परंतु वारंवार उघडला तर त्याची पकड जाते. १९५३ सालीं अमेरिकेंत व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या खटपटीनें एक विलक्षण द्रव सिद्ध झाला: हवा लागेल तोंवर तो पातळ राहतो, आणि आट्यांमध्यें हवा कोंडली जाऊन धातूचा स्पर्श झाला कीं घट्ट होतो. मिस्त्रीपाशीं त्याची एक निळी बाटली होती. त्यानें दोन थेंब लावून दोन्ही बोल्ट आवळले, आणि मग एक गोष्ट केली, जिचें मोल आम्हांस वरील सर्व विद्येपेक्षां अधिक वाटलें. पांढऱ्या रंगाची एक रेघ त्यानें बोल्टाच्या डोक्यावरून थेट जबड्यापर्यंत ओढली. "रेघ तुटली दिसली तर समजायचं, बोल्ट फिरला," असें तो म्हणाला.

बैलगाडीची पाचर सैल झाली तर ती कुरकुरून सांगते. यंत्राचा बोल्ट मात्र गळून पडेपर्यंत मुका असतो. त्या रेघेनें त्याला वाचा दिली. ज्यानें गाडी प्रथम दुरुस्त केली, त्याच्यावर रागावण्याची आमची इच्छाहि त्यामुळें ओसरली. चूक त्याची असेल; पण निघण्यापूर्वीं वांकून पाहण्यास अर्धें मिनिट पुरलें असतें, आणि तें आम्हां तिघांपैकीं एकानेंहि दिलें नव्हतें.

मुरूमगांवास उतरलों तेव्हां चहाचें नांव काढण्यापूर्वीं तिघेहि वांकून त्या चाकाकडे पाहूं लागलों. रेघ सरळ होती.