शुगरचा मेसेज आला, दातांचा आलाच नाही

पोस्ट लांब आहे. पण घरात कोणाला शुगर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमचे बाबा चोरखमाऱ्याचे. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याचं जंगल, मध्ये धानाची शेती. साठीला आले तेव्हा शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. भात कमी झाला, चहातली साखर गेली, अनवाणी बांधीत उतरणं बंद झालं. डॉक्टरांनी पाय जपायला सांगितले, वर्षातून एकदा डोळे तपासायला सांगितले. बाबांनी सगळं ऐकलं.

पुढच्या सहा-सात वर्षांत त्यांचे दात गेले. किडून नाही. पांढरेशुभ्र दात आधी हलायचे, मग एक दिवस हातात यायचे. त्याआधी किती तरी दिवस थुंकीत रक्त दिसायचं. बाबा म्हणायचे, "दात तं जातातच ना बा म्हातारपनी." आम्हीही माना डोलावल्या. शेवटी भाकर चुरून खायची वेळ आली. मग पेज आणि मऊ भातच बरा वाटायला लागला, म्हणजे जे कमी करायला सांगितलं होतं तेच वाढलं. शुगर चढत गेली.

दाताचं आणि शुगरचं नातं आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मी तर पत्रकार. दरवर्षी १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिनाची प्रेसनोट येते, मी छापतो. २० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिनाची येते, तीही छापतो. दोन्हींची भेट माझ्या बातमीत एकदाही झाली नाही. म्हणून ही पोस्ट म्हणजे थोडी माझीही कबुली आहे.

आता इतिहास बघू.

शुगर आणि हिरड्यांचं नातं आजचं नाही. १९९३ साली हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. अमेरिकेच्या ॲरिझोनात पिमा नावाचे आदिवासी आहेत, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण फार मोठं. त्यांच्या तपासण्यांच्या आधारे लो यांनी मांडलं की डोळे, मूत्रपिंड, नसा, रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या पाचांनंतर हिरड्यांचा आजार ही मधुमेहाची सहावी गुंतागुंत मानावी. म्हणजे बाबांना शुगर निघाली त्याच्या कितीतरी आधी हे छापून आलेलं होतं.

नातं दुहेरी आहे. रक्तात साखर जास्त राहिली की जंतूंशी लढायची ताकद कमी होते, तोंड सुकतं, हिरड्या सुजतात, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. उलट बाजूने, हिरड्यांत सूज कायम राहिली की इन्सुलिन नीट काम करत नाही आणि साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांचा नीट इलाज केला तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, साधारण ०.४ ने उतरते, असं बऱ्याच चाचण्या एकत्र तपासून निघालेलं आहे. आकडा लहान दिसतो. पण शुगरवाल्याला विचारा, तेवढं उतरवायला किती पथ्य लागतं.

आता मोबाइलकडे या. आणि इथे महाराष्ट्राचा मान मोठा आहे बरं का.

२००७ साली रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. शेतकऱ्याच्या फोनवर मराठीत मेसेज: बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला. मागोमाग नोकियाने 'लाइफ टूल्स' आणलं, त्याचीही पहिली चाचणी महाराष्ट्रातच झाली. म्हणजे खेड्यातल्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या कामाचं, चार ओळींत सांगता येतं हे आपल्याच राज्यात अजमावून झालं.

त्याच नोकियाच्या वाटेने पुढे मधुमेह आला. २०१२-१३ मध्ये आरोग्य वर्ल्ड या संस्थेने देशभरातल्या १० लाखांवर लोकांना १२ भाषांत, आठवड्यातून दोनदा, सहा महिने मेसेज पाठवले. भाजी खा, फळं खा, तेल कमी करा, चाला. २०१३ मध्येच डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. शुगर होण्याच्या उंबरठ्यावरचे ५३७ नोकरदार पुरुष, दोन वर्षं. मेसेज मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. साध्या मेसेजने एवढा फरक पडला!

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१२ पासून मोबाइलवरून आरोग्याचा कार्यक्रम हाती घेतला होता. सेनेगल देशात रमजानच्या उपवासात शुगर कशी सांभाळायची याचे मेसेज गेले. २०१६ मध्ये आपल्या केंद्र सरकारने 'एम-डायबिटीस' सुरू केलं. मिस्ड कॉल द्या, मेसेज मिळवा.

बाबांच्या नावाने मीच मिस्ड कॉल दिला होता. मेसेज आले. मी सुट्टीला गावी गेलो की वाचून दाखवायचो. व्यायाम, गोळ्या, पाय. तोंडाबद्दल एक ओळ आलेली मला आठवत नाही.

तोंडासाठी मोबाइल कसा वापरायचा याची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका आली २०२१ मध्ये. तोपर्यंत बाबांच्या तोंडात खालचे चार दात होते.

इतका उशीर का? माझं मत सांगतो. शुगर फिजिशियनची, दात डेंटिस्टचे. कार्यक्रम वेगळे, फायली वेगळ्या, दिवस वेगळे. गावात आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, हे त्या विचारतात, पण ते कॅन्सरच्या भीतीने. शुगरवाल्याच्या हिरड्यांकडे बघणं कोणाच्याच वाट्याला नीट आलेलं नाही. आणि आपल्याला सगळ्यात जवळचं सरकारी दंत महाविद्यालय नागपूरला, १९६८ चं. चोरखमाऱ्याहून तिथे जाऊन यायला रोजी बुडते.

म्हणूनच मेसेज लागतो. मेसेजने दातावरचा थर निघत नाही, ते काम डेंटिस्टचंच. पण कधी जायचं हे मेसेज सांगू शकतो. शिवाय मूत्रपिंडाचं दुखणं घरी दिसत नाही, डोळ्याच्या पडद्याचं दिसत नाही. हिरडीतलं रक्त मात्र आरशात दिसतं. शुगरची ही एक गुंतागुंत माणूस स्वतः, फुकटात, रोज तपासू शकतो. तीच सांगायची राहून गेली.

मात्र मेसेज आपल्यासाठी लिहिलेला हवा. तीन गोष्टी.

पहिली, शब्द. 'मधुमेही रुग्णांनी मौखिक स्वच्छता राखावी' हे आमच्याकडे कोणाला लागू पडत नाही. आमच्याकडे मधुमेह कोणालाच नाही, सगळ्यांना 'शुगर' आहे. आणि 'दोनदा ब्रश करा' हे बाबांना कसं लागू व्हावं? ते सकाळी बोटावर गुडाखू घेऊन घासायचे, म्हणजे त्यांच्या मते दात साफच होते. गुडाखू म्हणजे तंबाखूच, गुळात मळलेली. कोणी खर्रा चघळतो, कोणी बिडी ओढतो. बिडीने तर आणखी घात होतो. धुरामुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार आतल्या आत वाढला तरी माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. मेसेजमध्ये ही नावं आली नाहीत तर तो आपला नाहीच.

दुसरी, जागा. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०. काना, मात्रा, पाय मोडलेलं अक्षर, सगळं वेगळं मोजलं जातं. 'हिरड्या' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, फोन त्याचे सात मोजतो. सरकारी मराठी ७० मध्ये मावणारच नाही. बोलायची मराठी मावते.

तिसरी, आवाज. बाबांना वाचता येत होतं, पण चष्मा सापडला तर. आईला वाचताच येत नाही. मुंबईच्या आरमान संस्थेने 'एम-मित्र'मधून गरोदर बायांना मराठी-हिंदीत आवाजी फोन केले, बाईला सोयीच्या वेळेला. तसंच शुगरवाल्या म्हाताऱ्यांसाठी का होऊ नये? आमच्या गावी रेंजसाठी तलावाच्या पाळीवर जावं लागायचं हे खरं. पण व्हॉट्सॲपवरचा आवाजी मेसेज रेंज आली की येऊन पडतो, आणि चारदा ऐकता येतो.

देशात १० कोटींवर लोकांना शुगर आहे, असं आयसीएमआरची २०२३ मधली पाहणी सांगते. सरकार करेल तेव्हा करेल. तोपर्यंत मी पाच मेसेज लिहिलेत. प्रत्येक ७० च्या आत, मोजून. इथल्या एका डेंटिस्ट मित्राकडून तपासून घेतलेत.

१. शुगर आहे? हिरड्यांतून रक्त येतं? दवाखान्यात सांगा.

२. रात्री झोपण्याआधी ब्रश करा. दाढांच्या मागेही फिरवा.

३. गुडाखू, खर्रा सोडा. हिरड्या वाचतील, दात टिकतील.

४. तोंड सुकतं, दात हलतो? म्हातारपण समजू नका. तपासून घ्या.

५. दात काढण्याआधी डॉक्टरला शुगर सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

आठवड्याला एक, आपल्या घरच्या ग्रुपवर टाका. वाचता येत नसेल त्यांना स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. नातवाचा आवाज असला तर आजोबा नक्की ऐकतात. झाडीत, पोवारीत, गोंडीत, घरी जे बोलता त्यात करा. आशाताई, अंगणवाडीताई, गुरुजी, तुम्ही केलं तर फारच उत्तम. कोणी गोंडीत रेकॉर्ड केलं तर मला पाठवा, मी पुढच्या गावांना पोचवतो.

बाबा आता नाहीत. त्यांची कवळी आईने अजून एका डब्यात जपून ठेवली आहे. मागच्या वर्षी आईलाही शुगर निघाली. पहिल्याच दिवशी मी तिला आरशासमोर बसवलं आणि म्हटलं, "माय, तोंड उघड."

ती हसली. म्हणाली, "मले काहून? शुगर तं रक्तात हाय ना."

तुमच्या घरीही हाच प्रश्न येईल. उत्तर तयार ठेवा.