क्षयावरील पहिलें औषध व त्याचा धडा

क्षयाचें नुसतें नांव काढल्यानें घरांत शांतता पसरत असे, तो काळ फार दूरचा नाहीं. अमेरिकेहून वैद्यकाची पदवी घेऊन १८८६ सालीं स्वदेशीं परतलेल्या आनंदीबाई जोशी पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत पुण्यास या रोगानें वारल्या. वयाचीं बावीस वर्षेंही त्यांना पुरीं झालीं नव्हतीं. या रोगाचा जंतु रॉबर्ट कोख यानें १८८२ सालींच दाखवून दिला होता. शत्रु ओळखला गेला होता. पण त्याच्यावर चालवावयाचें शस्त्र त्या विदुषी डॉक्टरबाईंच्याही हातीं नव्हतें.

तें शस्त्र पुढें साठ वर्षांनीं मिळालें. अमेरिकेंतील रट्गर्स विद्यापीठांत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकास १९४३ सालीं मातींतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन हें द्रव्य सांपडलें. इंग्लंडांत तें फारच थोडें मिळूं शकलें. सर्वांस पुरणार नाहीं तर निदान त्याचा गुण तरी नि:पक्षपातानें पाहावा, असें तेथील वैद्यक-संशोधन मंडळानें ठरविलें. दोन्ही फुप्फुसांस तीव्र क्षय जडलेल्या १०७ रोग्यांची दोन गटांत विभागणी केली. कोण कोणत्या गटांत जावा हें डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवतां यदृच्छेवर सोंपविलें. ५५ जणांस औषध व विश्रांति, ५२ जणांस केवळ विश्रांति. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील ४ व दुसऱ्यांतील १४ रोगी दगावले. हा निकाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां कोणालाही आनंद व्हावा असाच तो होता.

परंतु याच गोष्टीचें उत्तरार्ध आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. पांच वर्षांनीं पुन्हा मोजदाद केली, तों औषध घेतलेल्या ५५ पैकीं ३२ व न घेतलेल्या ५२ पैकीं ३५ जण मरण पावले होते. पहिला फायदा बहुतेक विरून गेला होता. कित्येक रोगी आधीं सुधारून मग पुन्हा खालावले, आणि त्यांच्या थुंकींतील जंतु आतां औषधास दाद देत नव्हते.

हें घडलें कसें? जंतु औषध ओळखूं लागतो, असें आपण सहज बोलून जातों. पण तसें नाहीं. फुप्फुसांतील एका विवरांत कोट्यवधि जंतु असतात, आणि त्यांत औषधाला न जुमानणारे थोडे मुळापासूनच असतात. औषध बाकीच्यांस मारतें व या थोड्यांस रान मोकळें करून देतें. शेतांतील पीक कापून तण तेवढें राखावें, तसाच हा प्रकार.

यावर उपायही त्याच मंडळानें शोधला. दोन निराळ्या औषधांस एकदम न जुमानणारा जंतु अत्यंत विरळा. म्हणून स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पास हें दुसरें औषध देऊन पाहिलें. १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत रोधक जंतूंची पैदास पुष्कळच घटल्याचें दिसलें. पुढें १९५२ सालीं आयसोनायझिड आलें. मद्रासेस १९५६ पासून चाललेल्या प्रयोगानें तर असेंही दाखविलें कीं, गरीब घरांतला रोगी आपल्या घरींच राहून वर्षभर नेमानें औषधें घेईल, तर आरोग्यधामांतल्या इतकाच बरा होतो.

‘नेमानें’ हाच शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. खोकला थांबला, अंगावर मांस चढलें, कीं गोळ्या फडताळांत राहतात. किंवा पैशाच्या ओढीनें दोहोंतलें एकच औषध घेतलें जातें. औषधाचा पुरवठा मध्येंच तुटला, तर दोष रोग्याचा नसतो. परिणाम मात्र तोच होतो. यांतून आयसोनायझिड व रिफाम्पिसिन या दोहोंनाही न जुमानणारा क्षय निपजला, आणि तो एका रोग्यापासून दुसऱ्यास लागतो. ज्यानें आपलें औषध कधीं चुकविलें नाहीं, त्यालाही दुसऱ्याच्या चुकलेल्या गोळ्यांचें फळ भोगावें लागतें. २०१२ सालीं बेडाक्विलिन हें नवें औषध मान्य झालें, आणि त्यालाही दाद न देणारे जंतु आढळूं लागले आहेत.

तेव्हां नवें औषध शोधणें जितकें अवश्य, तितकेंच हातीं असलेलें राखणें अवश्य. आनंदीबाईंस जें मिळालें नाहीं तें आपणांस मिळालें आहे. तें निष्काळजीपणानें बोथट करण्याचा अधिकार आपणांपैकीं कोणासही नाहीं, असें आम्हांस वाटतें.