शेवटचा शब्द आणि शेवटचा कागद

आपल्या खेड्यापाड्यांत आजही अंथरुणाला खिळलेला म्हातारा चार माणसांना जवळ बोलावतो आणि सांगतो, “विहिरीकडचा तुकडा हिला द्या, हिनंच माझं सारं केलं.” ती कधी सून असते, कधी विधवा लेक. माणूस गेल्यावर चौघांच्या आठवणी चार प्रकारच्या निघतात, आणि जिने रात्री जागून काढल्या तिच्या हाती काहीच लागत नाही. तोंडच्या शब्दावर एवढा भरवसा आपण का ठेवतो, याला थोडा इतिहास आहे.

हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा १८७० साली झाला; पण मुंबई इलाख्यात तो मुंबई शहर आणि तिथली स्थावर मिळकत एवढ्यापुरताच होता. मोफसलात हिंदू माणसाने तोंडी सांगितलेली शेवटची इच्छाही, नीट शाबीत झाली तर, कोर्ट मानीत असे. पुढे १९२५ चा वारसा कायदा आला आणि १ जानेवारी १९२७ पासून हिंदूचे मृत्युपत्र सर्वत्र लेखीच हवे असे ठरले. (मुसलमान बांधवांचा कायदा निराळा, त्यात तोंडी वसीयतही चालते.) कायदा बदलला, पण घरातली रीत जुनीच राहिली. भांडणाचे मूळ इथे आहे.

वास्तविक हा कागद अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, तो निदान दोन साक्षीदारांनी पाहायचा, आणि त्याच्यासमक्ष आपल्या सह्या करायच्या. ज्याला मिळकत मिळायची त्याने साक्षीदार न होणे बरे. मात्र मुखत्यारपत्रावर विसंबू नये. ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते.

आता मिळकतीहून नाजूक गोष्ट. शेवटच्या दुखण्यात कोणते उपचार चालू ठेवायचे, हे कोणी सांगायचे? हा प्रश्न देशापुढे आला तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातून. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. जवळजवळ बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, तिथल्या परिचारिकांनी त्यांची सेवा केली. त्यांना शांतपणे जाऊ द्यावे, असा अर्ज एका लेखिकेने केला होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, आणि अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची सेवा करणाऱ्या रुग्णालयातल्या माणसांचा आहे, असे म्हटले. सेवा करणाराचा शब्द न्यायासनाने असा मानला, ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला आपल्या शेवटच्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवता येईल. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे, म्हणून कोणी त्या वाटेला फारसे गेले नाही. २०२३ साली ती अट सैल झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे आता पुरते. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावेही या कागदात घालायची असतात. मात्र कागद असला तरी उपचार थांबवण्याचा निर्णय घरच्यांनी परस्पर घ्यायचा नाही. त्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांनी रुग्णाची स्थिती पाहावी लागते.

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” असं आपण म्हणतो. पण नुसता सल्ला विचारायला ती चढायला हरकत नाही. १९७६ साली घटनेत ३९-अ कलम आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यामुळे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता वकिलाची मदत फुकट मिळते. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे कायद्याचा सल्लाही मिळतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सांगावेसे वाटते. गावात लिहिता-वाचता येणारे माणूस म्हणून लोक तुमच्याकडे कागद घेऊन येतात. म्हातारे माणूस शुद्धीवर असताना, घरात वाद नसताना, लिहिलेले त्याला मोठ्याने वाचून दाखवा, आणि “असंच हवं ना?” असं विचारा. त्या वेळचा अर्धा तास पुढची दहा वर्षांची भाऊबंदकी टाळू शकतो.