ठराव, पाणी आणि गटार

पाण्याचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. गटाराचा इतिहास मात्र कोणी लिहिला नाही. पोथीत नदी येते ती पवित्र होऊन येते. तिच्यात सोडलेली घाण येत नाही, आणि ती घाण उपसणारा माणूस तर मुळीच येत नाही. मी सूतगिरणीत पाळी करणारा. कॉलेजची पायरी चढलो नाही. पण पाळी संपल्यावर जे वाचलं त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आपली पाण्याची लढाई नगरपालिकेच्या एका ठरावाशी येऊन भिडली होती. नदीच्या घाणीची लढाईही आपल्याला तिथंच लढावी लागणार आहे.

जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढं १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. हौद घरचा होता, एका माणसाच्या हिमतीवर खुला झाला. गावचं तळं, गावची विहीर, गावचं गटार एका माणसाचं नसतं. तिथं सभा लागते, ठराव लागतो, पैसा लागतो.

४ ऑगस्ट १९२३. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. त्याच धाग्यावर ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. मग काय झालं? काही नाही. तीन वर्षं ठराव दप्तरात पडून. तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, आपला माणूस जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यात उतरले तेव्हा त्या कागदात जीव आला. सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हंजे बोल्यांच्या ठरावाच्याच तारखेला, नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

मित्रांनो, यातला धडा नीट बघा. जी संस्था ठराव करते तीच तो फिरवते. ठरावामागं माणसं उभी असली तरच तो टिकतो.

आता आपल्या नदीकडं या. कऱ्हा बारामतीतून वाहत येते, सोनगावापाशी नीरेला मिळते. नीरा पुढं आमच्या कळंब-वालचंदनगरच्या अंगानं जाऊन नीरा नरसिंहपूरला भीमेत पडते. दुसरीकडं पिंपरी-चिंचवडची पवना मुळेत येते, मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन भीमेला मिळते, आणि ते सगळं १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणात साठतं. इंदापूर तालुका असा दोन्ही अंगांनी वरच्या शहरांच्या उताराला आहे. पुढं हेच पाणी पंढरपुरात चंद्रभागा होतं. जिथं चोखोबाला देवळाबाहेर ठेवलं, तिथं शहराचा मैला मात्र थेट तीर्थात जातो. त्याला कोणी जात विचारत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त.

गावातही गणित तेच. जातीनं उतार ठरवला, उतारानं गटार ठरवलं. वरच्या आळीचं पाणी वाहून थांबतं कुठं, तर आपल्या वस्तीच्या तोंडाशी.

घाण खाली ढकलायची रीत साहेबाच्या देशातही होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी लंडनच्या पार्लमेंटात घुसली, तेव्हा कुठं पैसा सुटला. बाझलजेट नावाच्या इंजिनिअरनं मोठमोठी गटारं बांधली. पण घाण साफ न करताच शहराच्या पूर्वेला, खालच्या अंगाला नदीत सोडली. मोठ्यांच्या नाकाला वास गेला की काम होतं, हे एक. आणि नुसतं गटार बांधलं म्हंजे नदी सुटली असं होत नाही, हे दुसरं.

आपल्याकडचा दाखला मध्य प्रदेशातल्या रतलामचा. तिथल्या एका वॉर्डाचे रहिवासी उघड्या गटारांना आणि दारूच्या कारखान्याच्या घाणीला कंटाळून मॅजिस्ट्रेटकडं गेले. नगरपालिका म्हणाली, पैसा नाही. १९८० साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला: पैसा नाही ही सबब चालणार नाही. गटारं करा, झोपडपट्टीला संडास बांधा. साध्या रहिवाशांनी नगरपालिकेला वठणीवर आणलं.

कायदा कमी नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. १९८८ च्या दुरुस्तीनं साध्या नागरिकालाही ६० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात जायची वाट दिली. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं स्थानिक संस्थांना सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं उभारायला तीन वर्षांची मुदत घातली. ती कधीच उलटली. पैसाही होता. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. तो आपल्या गावात कशावर खर्च झाला, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, तारखा पाठ करा. पहिली मागणी: गावातलं कुठलं गटार कुठं सुटतं याचा नकाशा भिंतीवर लावा. दुसरी: न्हाणी-मोरीच्या पाण्याला शोषखड्डे, आणि सुरुवात खालच्या वस्तीपासून. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं शोषखड्डे करून उघडी गटारं संपवली, मग आपल्याला काय धाड भरली? संडासाची टाकी मात्र शोषखड्ड्याला जोडू नका. तो मैला गाडीनं उपसून शुद्धीकरणालाच गेला पाहिजे, ओढ्यात नाही. तिसरी: वरच्या शहरांनी पाणी शुद्ध करूनच सोडावं, असा ठराव करून कलेक्टर आणि प्रदूषण मंडळाकडं धाडा. एका गावाचा ठराव फायलीत मरतो. नीरेकाठच्या वीस गावांचा एकाच दिवशी गेला तर फाईल हलते.

आणि चौथी मागणी, जी आपल्याशिवाय कोणी करणार नाही. नदी साफ करताना माणूस गटारात उतरवायचा नाही. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. तरी माणसं चेंबरमध्ये गुदमरून मरत राहिली. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. भरपाईचा आकडा वाढला म्हंजे मरणं थांबली असं नव्हे. गटाराच्या प्रत्येक ठरावात मशीनची ओळ घालून घ्या. ती नसेल तर त्या ठरावाला हात वर करू नका. राखीव जागेवर निवडून गेलेला आपला माणूस या ओळीवर गप्प बसला, तर जाब त्यालाही विचारा.

महाडात पाणी आपल्या हक्काचं आहे हे ठरलं. ते पिण्याजोगं ठेवायचं काम राहिलं आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात धूळ खात पडलेला ठराव बाहेर काढा, मोठ्यानं वाचा, आणि वस्ती घेऊन नदीवर चला.

जयभीम.