मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर पुरस्कार, बेसबॉल
अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये हंगामातील सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारा पुरस्कार, संक्षेपाने एमव्हीपी. अमेरिकन व नॅशनल लीगसाठी तो स्वतंत्रपणे दिला जातो. १९३१ पासून निवड बेसबॉल लेखकांच्या संघटनेकडे आहे. मतपत्रिकेवर पसंतीक्रमाने दहा नावे असतात. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, दहाव्याला १. मतदान बाद फेरीआधीच उरकते. ‘मोलाचा’ कोण, हे ठरवणे मात्र मतदारावरच सोपवलेले असल्याने वाद दरसाल ठरलेला.

१९४७ साली फलंदाजीची सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत टेड विल्यम्स लीगमध्ये अव्वल होता. तरीही जो डिमॅजिओ एका गुणाने जिंकला. २०१२ चा वाद अधिक मूलगामी. डेट्रॉइट टायगर्सच्या मिगेल काब्रेराने हेच तिहेरी यश १९६७ नंतर प्रथमच मिळवले (.३३०, ४४, १३९). विश्लेषकांचा कौल होता एंजल्सच्या नवोदित माइक ट्राउटला, कारण क्षेत्ररक्षण आणि बेसवरील धावही जमेस धरणाऱ्या ‘वॉर’ या एकत्रित मापात तो बराच पुढे होता. पहिल्या पसंतीची २८ पैकी २२ मते काब्रेराला पडली. टायगर्स बाद फेरीत पोहोचले, हा त्याच्या बाजूचा एक युक्तिवाद. तो लंगडाच, कारण टायगर्सचे विजय ८८ आणि एंजल्सचे ८९ होते, फक्त एंजल्सचा गट कठीण होता. पुढे २०१६ मध्ये ट्राउटने हा पुरस्कार जिंकला, तेव्हा त्याच्या संघाचे पराभव विजयांहून अधिक होते.