कर्व्यांना झालेला 200 रुपयांचा दंड

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. वाचकांनी पत्रातून विचारायचं आणि कर्व्यांनी आडपडदा न ठेवता उत्तर द्यायचं. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे ते त्या काळी छापत होते! हस्तमैथुन आणि समलैंगिकतेवरच्या अशाच उत्तरांमुळे त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये त्यांची बाजू मांडली बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, 200 रुपये दंड झाला. मासिक मात्र 1953 साली कर्वे वारले तोवर चाललं.

बडनेऱ्यात बायका आजही तोच प्रश्न विचारतात, तोही दवाखान्यातून निघता निघता: "एकटीनं असं केलं की पाणी जातं. त्यानं अशक्तपणा येतो का?" नाही येत. पाळीवर, मूल होण्यावरही परिणाम होत नाही.

या पाण्याची नोंद डच वैद्य रेनिए द ग्राफ यांनी 1672 मध्येच केली होती. पुढे 1880 मध्ये अलेक्झांडर स्कीन यांनी मूत्रमार्गालगतच्या दोन ग्रंथींचं वर्णन केलं. त्यांतून येणारा स्राव थोडासा आणि दुधाळ असतो. एकदम भरपूर पाणी आलं, तर ते बहुतांशी मूत्राशयातलं पातळ मूत्र असतं. काहींना येतं, काहींना कधीच येत नाही, दोन्ही ठीक. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून स्वतःला मापू नका.

हात स्वच्छ आणि नखं कापलेली असावीत. जळजळ, रक्त, दुर्गंधी किंवा खोकताना लघवी सुटणं असेल, तर मात्र तपासून घ्या.