खोडलेला अंश

मुरुमच्या शाळेत सातवीत असताना मी एक त्रिकोण काढला, कोनमापक लावून त्याचे तिन्ही कोन मोजले आणि बेरीज केली. ती आली १८१ अंश. पुन्हा मोजले, पुन्हा १८१! गुरुजींनी वही पाहून माझा कान पिळला. "अरे, बेरीज १८०च यायला हवी!" मी मुकाट्याने एक अंश खोडला. गुण मिळाले; पण तो अंश मनात टोचत राहिला.

गुरुजींचे गणित चुकले नव्हते. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा; पायाचे दोन्ही कोन जसेच्या तसे त्या रेषेवर येऊन बसतात आणि शिरःकोनासह तिघे मिळून एक सरळ रेषा होते. युक्लिडने हे दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवून ठेवले आहे. माझ्या बोथट पेन्सिलीने ते खोटे ठरणार नव्हते. पण खोडण्याचे काय? त्याचे उत्तर पुढे इतिहासात सापडले.

१८०२ साली विल्यम लॅम्टन याने मद्रासेहून हिंदुस्थानची त्रिकोणी मोजणी सुरू केली. एक बाजू साखळीने मोजायची, पुढचे सारे कोनांवरून काढायचे. कोन मोजण्याचे यंत्र अर्ध्या टनाचे! १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना ते आपटले. लॅम्टनने ते स्वतः दुरुस्त केले. १८२२ साली त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट बीदरकडून मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची माळ गुंफू लागला. आमचे मुरुम बीदर आणि सोलापूर यांच्या मधल्याच पट्ट्यातले!

आता गंमत पाहा. या मोठमोठ्या त्रिकोणांच्या कोनांची बेरीज १८० नव्हे, किंचित जास्तच यायला हवी; कारण ते त्रिकोण कागदावर नव्हते, गोल पृथ्वीच्या पाठीवर होते. साधारण १९६ चौरस किलोमीटरांमागे एक विकला, म्हणजे अंशाचा ३६००वा भाग वाढतो. बाजू ५० किलोमीटरांच्या असल्या, तर सुमारे साडेपाच विकला. मोजणीदार ही वाढ आधी हिशेबात धरत. त्यानंतरही जो फरक उरे, तो डोळ्याचा, यंत्राचा किंवा हवेचा. तो वहीत नोंदवून मग तिन्ही कोनांत वाटून देत. आधी खोडला असता, तर वाटणार काय?

जानेवारी १८२३ मध्ये लॅम्टन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथेच आहे. काम मात्र पुढच्यांनी चालू ठेवले.

परवा दिवाळीच्या सुट्टीत आलेली माझी नात वही घेऊन रडवेली झाली होती. "आजोबा, माझे १७९च येतात हो!"

"तेच लिही बाळा," मी म्हणालो, "आणि एक अंश कुठे गेला, ते आता आपण दोघे शोधू."